मेंदूंतील शेजारधर्म

मनुष्याच्या मेंदूविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस शाळेंत जें शिकविलें जातें, तें बहुतेक चेतापेशींविषयीं असतें. चेतापेशी म्हणजे ज्यांचे लांबलचक धागे एकत्र येऊन ज्ञानतंतु बनतात त्या पेशी. डोळ्यानें कांहीं पाहिलें, कानानें ऐकलें, पायांत कांटा मोडला, कीं ती वार्ता विजेच्या चपळाईनें मेंदूकडे नेणारे हे दूत होत. त्यांचें महत्त्व कोणी नाकारीत नाहीं. परंतु मेंदूंत त्यांच्या शेजारीं, आणि संख्येनें जवळजवळ तितकीच, दुसरी एक वस्ती राहते. तिचा उल्लेख क्रमिक पुस्तकांत एखाद्या ओळींत उरकला जातो. त्या वस्तीचें नांव ग्लिया. ह्या ग्लिया पेशी निरनिराळ्या जातींच्या आहेत, त्या आपसांत बोलतात, त्यांच्या बोलण्याचे ठराविक मार्ग आहेत, आणि तें बोलणें बिघडलें तर घरांतील हसतें-खेळतें मूल दोन दिवसांत मृत्यूच्या दारीं जाऊं शकतें, ही गोष्ट गेल्या साठ वर्षांत हळूहळू उलगडत गेली आहे. तीच वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांवाची कथा सांगूं. जर्मनींतील रूडॉल्फ फिर्खो ह्या प्रसिद्ध वैद्यकशास्त्रज्ञानें १८५६ सालीं चेतापेशींच्या मधली जागा भरून काढणाऱ्या पदार्थाला हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत ग्लिया म्हणजे सरस. सुताराच्या फळ्या सांधण्यास जसा सरस, तसा चेतापेशी जागच्या जागीं धरून ठेवण्यास हा पदार्थ, अशी त्याची कल्पना. आमच्या मांजरीस १९९७ सालापासून द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. द्राक्षवेलीचा मांडव कसा असतो हें येथील मुलांना निराळें सांगावयास नको. वेल जिवंत, मांडव निर्जीव. फळ यावयाचें तें वेलीला, मांडवानें नुसता भार सोसावयाचा. फिर्खोनंतर सुमारें शंभर वर्षें बहुतेक विद्वान् ग्लियांकडे ह्याच दृष्टीनें पाहत राहिले. परंतु हा मांडव वेलीला पोषण पुरवितो, तिची छाटणी करतो, कीड पडली तर धांवून येतो, आणि हीं कामें वेळेवर व्हावींत म्हणून त्याचे खांब एकमेकांस निरोप धाडतात, असें आज दिसून आलें आहे.

ह्या पेशी डोळ्यांना दिसूं लागल्या त्या रंगांच्या कृपेनें. मेंदूचा पातळ काप तसाच सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तर सर्व पांढुरकें व अस्पष्ट दिसतें. इटलींतील कामिल्लो गोल्जी ह्यानें १८७३ मध्यें रुप्याच्या क्षारानें पेशी काळ्या रंगविण्याची युक्ति काढली, आणि स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल ह्यानें तिच्या साहाय्यानें चेतापेशींचीं अप्रतिम चित्रें काढलीं. दोघांस मिळून १९०६ सालचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. परंतु चेतापेशी आणि तारकेसारख्या दिसणाऱ्या ग्लिया पेशी वगळून जें कांहीं उरे, त्यास काहालनें 'तिसरें द्रव्य' एवढेंच म्हणून ठेविलें होतें. त्याच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या पीओ देल रीओ-ओर्तेगा ह्या संशोधकानें रंगविण्याची आणखी एक रीत शोधून दाखविलें, कीं ह्या तिसऱ्या द्रव्यांत दोन अगदीं भिन्न जातींच्या पेशी आहेत. एकीस त्यानें १९१९ मध्यें मायक्रोग्लिया असें नांव दिलें, दुसरीस १९२१ मध्यें ऑलिगोडेंड्रोग्लिया. मध्यंतरीं दोघांत वितुष्ट येऊन ओर्तेगाला काहालची प्रयोगशाळा सोडावी लागली; पुढें स्पेनमधील यादवी युद्धामुळें त्याला देशहि सोडावा लागला, आणि १९४५ मध्यें दूर अर्जेंटिनांत, ब्युनोस आयर्स येथें त्याचा अंत झाला. थोर माणसाच्या शब्दाबाहेर जाऊन स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणाराची किंमत शास्त्रांतहि मोजावी लागते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें पाहून ठेवण्याजोगें आहे.

तर मेंदूंत ग्लियांच्या मुख्य जाती तीन. त्यांस आपण ह्या लेखापुरतीं मराठी नांवें देऊं. पहिली तारकापेशी, जिला शास्त्रज्ञ ॲस्ट्रोसाइट म्हणतात. हिला सर्व बाजूंनीं असंख्य बारीक फांटे असतात; कांहीं फांट्यांचीं पावलें रक्तवाहिनीला चिकटलेलीं, तर कांहीं चेतापेशींच्या सांध्यांपाशीं पोंचलेलीं. रक्तांतून पोषण घ्यावें, चेतापेशीला पुरवावें, आणि तिनें टाकलेला क्षारांचा व द्रव्यांचा पसारा आवरावा, हें हिचें काम. दुसरी अल्पशाखी पेशी, म्हणजे ओर्तेगाची ऑलिगोडेंड्रोग्लिया. विजेच्या तारेवर रबराचें वेष्टण असतें, तसें चेतापेशींच्या धाग्यांभोंवतीं मायलिन नांवाचें स्निग्ध वेष्टण ही गुंडाळते. एकच पेशी चाळीस-पन्नास धाग्यांना एका वेळीं वेष्टण पुरवूं शकते. तिसरी सूक्ष्मग्लिया. ही मेंदूची पहारेकरीण. हिचें मूळ मेंदूंतलें नव्हेच. गर्भावस्थेच्या प्रारंभीं ती गर्भाबाहेरील पीतककोशांतून मेंदूंत येऊन वसते व तेथेंच जन्मभर नांदते. परगांवाहून आलेला रखवालदार गांवचाच होऊन जावा, तसा हा प्रकार आहे.

येथें एक गोष्ट सांगून टाकणें बरें. ग्लिया पेशी चेतापेशींच्या दसपट असतात, असें अनेक पुस्तकांत छापलेलें आढळतें. ब्राझीलमधील संशोधकांनीं मनुष्याच्या मेंदूचें अक्षरशः कालवण करून त्यांतील पेशींचीं केंद्रकें मोजलीं, व २००९ मध्यें असें प्रसिद्ध केलें, कीं चेतापेशी सुमारें ८६ अब्ज, आणि बाकीच्या सर्व पेशी मिळून सुमारें ८५ अब्ज. दसपटीची गोष्ट पिढ्यान् पिढ्या एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरत आली होती; मोजण्याचे श्रम फारसे कोणीं घेतलेच नव्हते.

आतां मुख्य विषय. चेतापेशी विजेच्या लहरींनीं बोलते. ग्लियांना तशी वीज खेळवितां येत नाहीं. मग त्या बोलतात कशा? मुळा-मुठेच्या एका कांठावर मांजरी बुद्रुक, दुसऱ्या कांठावर मांजरी खुर्द. ह्या दोन गांवांना एकमेकांस कांहीं कळवावयाचें झाल्यास जुन्या काळीं किती मार्ग होते? पुलावरून माणूस जाऊन सांगे. किंवा दवंडी पिटली जाई, आणि ज्याच्या कानीं ती पडेल तो ऐके. किंवा एखादें गांठोडें बांधून, आंत चिठ्ठी घालून, कोणाच्या तरी हातीं दिलें जाई. आश्चर्य असें, कीं ग्लियांचे मार्गहि साधारणतः हेच तीन आहेत.

पूल प्रथम पाहूं. दोन शेजारच्या ग्लियांच्या भिंती कांहीं ठिकाणीं इतक्या जवळ येतात, कीं मधलें अंतर दोन-चार नॅनोमीटरच उरतें. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक म्हणजे नॅनोमीटर. अशा ठिकाणीं कनेक्सिन नांवाच्या प्रथिनाचे सहा रेणु वर्तुळांत उभे राहून एक अर्धी नळी तयार करतात. समोरच्या पेशींतून तशीच अर्धी नळी येते. दोहोंचीं तोंडें जुळलीं कीं एका पेशींतून दुसरींत सरळ वाट झाली. ही वाट अरुंद असते. क्षार, साखर, आणि निरोप नेणारे लहान रेणु तींतून जातात. प्रथिनासारखा मोठा रेणु जाऊं शकत नाहीं. कनेक्सिनेंहि अनेक जातींचीं आहेत, व त्यांच्या वजनावरून त्यांस आंकडे दिलेले आहेत. तारकापेशींत मुख्यतः ४३ व ३० क्रमांकांचीं असतात, अल्पशाखी पेशींत ४७ व ३२. त्यांत ४३ ची जोडी ४७ शीं जुळते, ३० ची ३२ शीं. वाटेल त्याचें वाटेल त्याशीं जमत नाहीं. सोयरीक पाहूनच करावी, हा नियम येथेंहि पाळला जातो! आणि मुळा-मुठेला पूर आला म्हणजे पाण्याखालीं जाणाऱ्या पुलावरून रहदारी बंद ठेवावी लागते, तशी व्यवस्था ह्या पुलांसहि आहे. एखादी पेशी मरणोन्मुख झाली, तिच्यांतील आम्लता वा कॅल्शियम अतोनात वाढलें, तर नळ्या मिटतात, आणि तिच्याबरोबर शेजारच्या पेशी ओढल्या जाण्याचें बव्हंशीं टळतें.

ह्या पुलांचा पुरावा १९६६ मध्यें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत मिळाला. स्टीफन कुफ्लर व त्याचे सहकारी ह्यांनीं नेक्ट्युरस नांवाच्या पाण्यांत राहणाऱ्या एका उभयचर प्राण्याचा दृष्टिज्ञानतंतु घेतला. त्यांतील एका ग्लिया पेशींत सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडला असतां तो शेजारच्या ग्लियांतहि उमटला. अर्थात् आंतून वाट होती. पुढें त्यांना असेंहि दिसलें, कीं ज्ञानतंतु काम करूं लागला कीं त्यांतून पोटॅशियम बाहेर सांडतें, आणि त्याची जाणीव ग्लियांना होते. हें सांडलेलें पोटॅशियम एका जागीं सांचून राहिलें तर चेतापेशी भलत्याच चेततात व झटके येऊं शकतात. तारकापेशी तें उचलतात, आणि पुलांवरून शेजारणींकडे पाठवून त्याचा भार वांटून टाकतात. लग्नघरच्या उष्ट्या भांड्यांचा ढीग आळींतल्या बायकांनीं वांटून घ्यावा, तसें हें आहे.

तरीहि, हें झालें ओझें वाहणें. बोलणें कोठें आहे, असा प्रश्न चिकित्सक वाचक विचारील. त्याचें उत्तर १९९० मध्यें येल विद्यापीठांतून आलें. तेथील संशोधकांनीं तारकापेशी कांचपात्रांत वाढविल्या, आणि आंत कॅल्शियम वाढलें म्हणजे चकाकणारें एक द्रव्य त्यांत घातलें. मग चेतापेशी निरोपासाठीं वापरतात तें ग्लुटामेट नांवाचें द्रव्य त्यांवर सोडलें. तेव्हां एक पेशी उजळली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या पलीकडची. तळ्यांत खडा टाकावा आणि तरंग पसरत जावा, तशी कॅल्शियमची लाट एका पेशींतून दुसरींत चालत गेली. हिची गति मात्र गोगलगाईसहि मागें टाकतां यावयाची नाहीं अशी. सेकंदास सुमारें वीस मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जावयास जवळजवळ मिनिट लागतें. जाड वेष्टणाच्या ज्ञानतंतूंतील लहर त्याच वेळांत कित्येक किलोमीटर जाईल. मांजरी बुद्रुकच्या स्टेशनावरून न थांबतां जाणारी मेल आणि त्याच वेळीं फाटकापाशीं रवंथ करीत उभी असलेली बैलगाडी, इतका हा फरक आहे. पण बैलगाडीचें काम मेलनें होत नाहीं. क्षणाचा निरोप चेतापेशींनीं न्यावा, आणि मिनिटांचा, तासांचा, दिवसांचा बंदोबस्त ग्लियांनीं पाहावा, अशी ही वांटणी आहे.

ह्या लाटेचा शोध घेतां घेतां दुसरा मार्ग सांपडला, तो दवंडीचा. पेशी एकमेकींस चिकटलेल्या नसल्या, मध्यें थोडी मोकळी जागा असली, तरी लाट पलीकडे जाते असें दिसलें. म्हणजे पुलाशिवायहि निरोप पोंचत होता. तो नेणारें द्रव्य मुख्यतः एटीपी निघालें. एटीपी हें नांव आमच्या वरच्या वर्गांतील मुलांना परिचित आहे. पेशींतील शक्तीचें चालू नाणें तें हेंच. पेशीच्या आंत तें नाणें, पण पेशीबाहेर सांडलें कीं तोच निरोप. घरांतल्या पेटींत असलेली मोहोर आणि रस्त्यांत विखुरलेल्या मोहोरा ह्यांचा अर्थ एक नसतो. रस्त्यांत मोहोरा दिसल्या कीं कोठें तरी घर फुटलें असें शेजारी ओळखतात.

आणि हें ओळखण्यांत सर्वांत तरबेज ती सूक्ष्मग्लिया. तारकापेशींशीं वा अल्पशाखी पेशींशीं हिचा पूल सामान्यतः नसतो, म्हणून दवंडीवरच हिची भिस्त. २००५ सालीं दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं जिवंत उंदराच्या मेंदूंत विशेष सूक्ष्मदर्शकानें पाहिलें. तोंपर्यंत समज असा, कीं निरोगी मेंदूंत सूक्ष्मग्लिया स्वस्थ झोंपलेली असते. दिसलें तें उलटें. तिचे बारीक फांटे सारखे लांबत, आखडत, आसपास चांचपत होते. पेशी जागच्या जागीं, पण तिचे हात क्षणभरहि स्वस्थ नव्हते. मग संशोधकांनीं लेसरच्या किरणानें मेंदूंत एक सूक्ष्म जखम केली. कांहीं मिनिटांतच भोंवतालच्या सर्व सूक्ष्मग्लियांचे फांटे त्या जागेकडे वळले व तिच्याभोंवतीं त्यांनीं एक कडें केलें. हें घडवून आणणारी दवंडी एटीपीचीच होती, आणि ती पुढें पोंचविण्यांत तारकापेशींचा हात होता. तारकापेशींच्या अर्ध्या नळ्या बंद पाडल्या तेव्हां सूक्ष्मग्लियांचा प्रतिसाद मंदावला. जखमेची बातमी जखमी पेशी देते, तारकापेशी ती वाढवून सांगते, आणि सूक्ष्मग्लिया धांवते.

तिसऱ्या मार्गाविषयीं थोडक्यांत. त्याच वर्षीं असें प्रसिद्ध झालें, कीं तारकापेशींच्या एटीपीची दवंडी कानीं पडली म्हणजे सूक्ष्मग्लिया आपल्या भिंतीचे बारीक फुगे सोडते, व त्यांत इंटरल्युकिन-१ बीटा नांवाचें दाहाचा निरोप देणारें प्रथिन भरलेलें असतें. हींच तीं गांठोडीं. दवंडी हवेंत विरते. गांठोडें ज्याच्या दारीं पोंचलें त्यालाच मिळतें.

अल्पशाखी पेशी ह्या संभाषणांत मागें राहते असें वाचकांस वाटेल, पण तिचें जीवितच शेजारणींच्या बोलण्यावर अवलंबून आहे. २००६ मध्यें अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांत असें आढळलें, कीं धागा काम करूं लागला कीं त्यांतून एटीपी सुटतें. तें अल्पशाखी पेशीला थेट कांहीं सांगत नाहीं, तर तारकापेशीला सांगतें. आणि तारकापेशी मग एलआयएफ नांवाचें प्रथिन सोडून अल्पशाखी पेशीला वेष्टण घालण्यास सुचविते. ज्या धाग्याचा वापर अधिक, त्याला वेष्टण चांगलें मिळावें, अशी ही मध्यस्थी. आमच्या पालकांनीं मुलांच्या सरावाविषयीं हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. उलट, दोघींमधला पूलच जन्मतः मोडका असला तर काय होतें, हें २००४ मध्यें कळलें. ४७ क्रमांकाच्या कनेक्सिनाच्या जनुकांत दोष असलेल्या कांहीं कुटुंबांत मुलांचे डोळे जन्मानंतर लवकरच थरथरूं लागतात, मान उशिरां धरली जाते, चालणें उशिरां येतें व पुढें पाय ताठत जातात. मेंदूचें चित्र घेतलें तर वेष्टण अपुरें दिसतें. चेतापेशी तेथें मूळच्या धडधाकट असतात. दोष फक्त दोन शेजारणींमधल्या पुलाचा. हें वाचल्यावर ग्लियांना सरस म्हणण्याचें धाडस कोण करील?

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिला तिच्याकडे येऊं. तारकापेशी व सूक्ष्मग्लिया ह्यांचें बोलणें लहान मुलाच्या मेंदूंत फार चालतें. वाढत्या मेंदूंत चेतापेशींचे सांधे गरजेहून अधिक तयार होतात, व पुढें त्यांची छाटणी करावी लागते. २०१८ मध्यें उंदरांत दिसून आलें, कीं तारकापेशी इंटरल्युकिन-३३ नांवाचा निरोप सोडतात आणि तो ऐकून सूक्ष्मग्लिया जादा सांधे खाऊन टाकतात. मालकानें दाखवावें आणि माळ्यानें कात्री चालवावी, तसेंच हें. शांततेच्या काळीं ह्या दोघींचा शेजार असा उपकारक असतो.

परंतु मेंदूंत शत्रु शिरला म्हणजे हेंच बोलणें आरडाओरड्यावर जाऊं शकतें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत बेन बॅरेस ह्या ग्लियाभक्त शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनें २०१७ च्या आरंभीं एक महत्त्वाचा शोध जाहीर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो स्वतः कालवश झाला. चेतलेली सूक्ष्मग्लिया तीन प्रथिनें एकत्र सोडते: इंटरल्युकिन-१ अल्फा, टीएनएफ, आणि सी-वन-क्यू. हे जणू तीन शब्द. तिन्ही मिळून कानीं पडले, कीं तारकापेशीचा स्वभाव पालटतो. पोषण पुरविणें, सांधे राखणें हीं तिचीं कामें ती टाकून देते, आणि चेतापेशींना व अल्पशाखी पेशींना मारक असें द्रव्य सोडूं लागते. हें द्रव्य संपृक्त स्निग्ध पदार्थांच्या रूपांत बाहेर पडतें, असें त्याच संशोधकांनीं २०२१ मध्यें दाखविलें. ज्या उंदरांत हे तीनहि शब्द जन्मतः नव्हते, त्यांत अशा घातक तारकापेशी बनल्या नाहींत. अल्झायमर, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा रोगांनीं मेलेल्या माणसांच्या मेंदूंत अशा पालटलेल्या तारकापेशी सांपडल्या आहेत. चोर राहिला बाजूस, आणि पहारेकरिणीची हांक ऐकून दाईच विष कालवूं लागली, असा हा भयंकर प्रकार.

ह्याचा आमच्या महाराष्ट्राशीं संबंध काय? १९६५ मध्यें नागपूरकडे तापाची सांथ आली असतां, पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रानें (तेंच आजचें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थान, स्थापना १९५२) दोन रुग्णांच्या रक्तांतून एक नवा विषाणु वेगळा केला, व त्याला तेथील गांवाचें नांव दिलें: चांदिपुरा. कित्येक वर्षें हा विषाणु निरुपद्रवीसा समजला गेला. २००३ च्या उन्हाळ्यापावसाळ्यांत आंध्र प्रदेशांत मुलांत मेंदूज्वराची भयंकर सांथ उसळली. ३२९ मुलें आजारी पडलीं, १८३ दगावलीं, आणि पुण्याच्या ह्याच संस्थेनें त्यामागें चांदिपुरा विषाणु असल्याचें दाखविलें. २००७ मध्यें नागपूर विभागांतील मुलांतहि तो आढळला. ताप, ओकारी, झटके, मग बेशुद्धि, आणि पुष्कळदां चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत शेवट. हा विषाणु पसरविते ती वालुकामाशी, डांसाहूनहि लहान. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यांतील ओल, शेणाचे ढीग हें तिचें घर. भेगा लिंपणें, गोठा घरापासून दूर व कोरडा ठेवणें, मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणींत निजविणें, हे उपाय साधे असले तरी आजघडीला तेच खरे. कारण जपानी मेंदूज्वरावर लस आहे, चांदिपुरावर सर्वांस मिळेल अशी लस नाहीं. लशींच्या कारखान्यामुळें मांजरीचें नांव देशोदेशीं गेलें आहे, म्हणून हें आम्ही मुद्दाम सांगतों. तापांत झटका आलेल्या मुलाला घरगुती उपायांत वेळ न घालवितां तत्काळ रुग्णालयांत न्यावें, हेंहि येथेंच सांगतों.

ह्या विषाणूनें मेंदूंत नेमकें काय होतें? हरियाणांतील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें २०१६ मध्यें उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. विषाणु शिरलेल्या मेंदूंत सूक्ष्मग्लिया चेतलेल्या दिसल्या, व दाहाचे निरोप देणाऱ्या द्रव्यांचें प्रमाण पुष्कळ वाढलेलें आढळलें. प्रयोगपात्रांत विषाणूनें चेतविलेल्या सूक्ष्मग्लिया ज्या द्रवांत ठेविल्या होत्या, तो द्रव चेतापेशींवर घातला असतां चेतापेशी मेल्या. जपानी मेंदूज्वराविषयीं ह्याच केंद्रानें २००७ मध्यें असेंच दाखविलें होतें. म्हणजे विषाणु चेतापेशींना स्वतः तर मारतोच, पण त्याच्या जोडीला पहारेकरिणीचा आक्रोशहि त्यांच्या जिवावर उठतो.

मग हा आक्रोश थांबवितां येईल काय? मिनोसायक्लिन नांवाचें एक जुनें, स्वस्त औषध सूक्ष्मग्लियांना शांत करतें. त्यानें जपानी मेंदूज्वराचे उंदीर वांचले. पुढें लखनौ येथें मेंदूज्वर झालेल्या रुग्णांवर त्याची पद्धतशीर चाचणी झाली. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निकालांत लाभाकडे कल दिसला, पण तो निर्विवाद ठरण्याइतका ठळक नव्हता. आणि पहारेकरिणीला अगदींच मुकी करून चालत नाहीं, असेंहि दिसून आलें आहे. २०१८ च्या सुमारास कांहीं प्रयोगशाळांनीं उंदरांच्या मेंदूंतील सूक्ष्मग्लिया औषधानें जवळजवळ नाहींशा केल्या आणि मग त्यांस मेंदूज्वराच्या विषाणूंनीं ग्रासविलें. ते उंदीर बरे झाले नाहींत. उलट विषाणु अधिक माजला, व अधिक उंदीर मेले. म्हणून संशोधकांचें लक्ष आतां समूळ मौनाकडे नाहीं. सूक्ष्मग्लियेच्या शब्दांपैकीं कोणता अडवावा, आजाराच्या कितव्या दिवशीं अडवावा, आणि तारकापेशीचा पालटलेला स्वभाव पुन्हा माघारीं कसा आणावा, ह्या तीन प्रश्नांवर सांप्रत काम चाललें आहे.